कुंडीतल्या झाडाची तहान



एखाद्या घरची तुळस वाळली की काय बोलणे होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. सासूबाई सुनेकडे पाहतात. शेजारीण हळूच म्हणते, "हिच्या हाताला झाडच लागत नाही, बाई!" सून बिचारी मनात म्हणते, 'अहो, मी तर रोज न चुकता तांब्याभर पाणी घालत होते.' ती खोटे बोलत नाही. तिने पाणी घातलेले असते. पूजेच्या वेळी सासूबाईंनी घातलेले असते. संध्याकाळी दिवा लावताना धाकट्या लेकीनेही गडूभर ओतलेले असते. एवढीशी कुंडी, आणि दिवसाला तीन तांबे पाणी! ती तुळस पाण्यावाचून वाळली नाही, पाण्यानेच वाळली. ठपका मात्र एकीच्या हातावर बसला.

शाळेच्या व्हरांड्यातही हेच घडते. गुरुजी कुंड्या मांडतात, मुलांच्या पाळ्या लावतात. सोमवारी ह्याने, मंगळवारी तिने. मुले पाळी चुकवत नाहीत, उलट चढाओढीने बादल्या आणतात. दिवाळीपर्यंत निम्म्या कुंड्या रिकाम्या होतात. मग मुलांना वाटते, आपल्याकडूनच काहीतरी चुकले. चूक झालेली असते हे खरे, पण ती आळसाची नव्हे, मायेची. अति तेथे माती म्हणतात ना, ते कुंडीइतके दुसरीकडे कुठे खरे ठरत नसेल.

तेव्हा आज आपण कुंडीचा थोडा इतिहास पाहू. कुंडीतल्या झाडाला पाणी किती आणि केव्हा द्यावे, हे कोणा एका शहाण्याला एका दिवसात सुचलेले नाही. ते कळायला माणसाला फार वर्षे लागली, आणि ज्यांनी ते शोधले त्यांची वाट आपल्यालाही चालता येण्याजोगी आहे.

झाड मुळासकट उचलून दुसरीकडे न्यावे, ही हौस फार जुनी. मिसर देशात, म्हणजे आजच्या इजिप्तमध्ये, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात हातशेपसुत नावाची राणी राज्य करीत होती. तिने पुंट नावाच्या दूरच्या मुलखात जहाजे पाठवून धुपाची झाडे आणविली. देर अल-बहरी इथल्या तिच्या मंदिराच्या भिंतींवर तो देखावा कोरलेला आहे. माणसे खांद्यावर काठ्या घेऊन चालली आहेत, काठ्यांना टोपल्या बांधल्या आहेत आणि टोपल्यांत मुळांसकट झाडे उभी आहेत. टोपलीच ती, तिच्यात पाणी कसे साठणार? मुळांना हवा आपोआपच मिळत होती.

पुढे रोमन लोक भाजलेल्या मातीची कुंडी वापरीत. इटलीतले पाँपेई शहर इसवी सन ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. विसाव्या शतकात तिथल्या बागा काळजीपूर्वक खणल्या, तेव्हा मातीची लहान लहान भांडी सापडली. त्यांच्या बुडाला भोक होते आणि बाजूंनाही भोके होती. रोपे त्यांत वाढवून मग भांड्यासकट जमिनीत लावीत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माळ्याला एवढे पक्के ठाऊक होते की, भोक नसलेले भांडे पाणी भरायला चांगले, झाड लावायला नव्हे. आज आपण बाजारातून चकचकीत प्लॅस्टिकची कुंडी आणतो, फरशी खराब होऊ नये म्हणून तिचे भोक बुजवतो, आणि वर म्हणतो की रोपवाटिकेवाल्याने रोपच खराब दिले!

भोक हवे हे कळले होते, पण का हवे हे कळायला मात्र पुढे सतरा-अठराशे वर्षे जावी लागली.

सतराव्या शतकात ब्रसेल्सजवळ यान बाप्तिस्त व्हान हेल्मोंट नावाचा एक वैद्य राहत होता. झाडाचे अंग कशाचे बनते, हा त्याला पडलेला प्रश्न. त्याने २०० पौंड कोरडी माती तोलून एका मोठ्या भांड्यात भरली आणि तीत पाच पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातले झाड. धूळ पडू नये म्हणून भांड्यावर भोकांचे झाकण ठेवले. पाच वर्षे त्याला पाण्याखेरीज काही दिले नाही. मग झाड उपटून तोलले, ते भरले १६९ पौंड. माती वाळवून तोलली, ती दोनेक औंसच कमी भरली. हेल्मोंट म्हणाला, झाड म्हणजे सारे पाणीच! हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापून निघाला.

त्याचे तोलणे बरोबर होते, निष्कर्ष मात्र अर्धाच होता. झाडाच्या अंगाचा मोठा वाटा हवेतून येतो, हे त्याच्या ध्यानी आले नाही. आपण त्याला हसू नये. झाड सुकलेले दिसताच जो तांब्या उचलतो, तो नकळत हेल्मोंटचाच शिष्य असतो. त्यालाही वाटते, झाड म्हणजे सारे पाणीच.

यानंतर आला स्टीफन हेल्स. हा लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचा पाद्री. गावच्या चर्चचे काम सांभाळून त्याने घरीच प्रयोग केले. १७२४ सालच्या जुलैच्या ३ तारखेला त्याने साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड घेतले. ते कुंडीतच वाढवलेले होते. कुंडीचे तोंड त्याने शिशाच्या पत्र्याने बंद केले, म्हणजे मातीतली ओल परस्पर उडून जायला नको. पाणी घालायला तेवढी एक नळी ठेवली. मग ८ ऑगस्टपर्यंतच्या काळात पंधरा दिवस निवडून त्याने ती कुंडी सकाळी आणि संध्याकाळी तोलली. घटलेले वजन म्हणजे पानांवाटे उडून गेलेले पाणी.

आता त्याचा हिशेब ऐका. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी २० औंस पाणी उडवी. आपल्या मापाने हे साडेपाचशे ग्रॅमच्या वर जाते. एका कोरड्या, उन्हाच्या दिवशी हाच आकडा ३० औंसांवर, म्हणजे साडेआठशे ग्रॅमवर गेला. कोरड्या, उबदार रात्री मात्र जेमतेम तीन औंस. दव पडले त्या रात्री काहीच नाही, आणि दव भरपूर पडले किंवा पाऊस झाला तर वजन उलट दोन-तीन औंस वाढलेले! आकारमानाच्या मानाने पाहिले तर सूर्यफूल माणसाच्या सतरा पट घाम गाळते, असेही त्याने गणित मांडले. मग त्याने कुंडीतले लिंबाचे झाड तोलले. ते बारमाही हिरवे, जाड पानांचे. त्याने उडवलेले पाणी सूर्यफुलाच्या निम्म्याहूनही कमी भरले. हे सगळे त्याने १७२७ साली पुस्तकरूपाने छापले.

गुरुजी, या आकड्यांकडे जरा पुन्हा पाहा. झाड तेच, कुंडी तीच, घर तेच. तरी एके दिवशी अर्ध्या लिटरची तहान, दुसऱ्या दिवशी पाऊण लिटरच्या वर, आणि दवाच्या रात्री शून्य. मग 'रोज एक तांब्या' हा नियम कुठल्या झाडाला लागू पडायचा? नियम माणसाच्या सोयीचा असतो. झाडाची तहान ऊन, वारा, दव आणि पानाचा जाडपणा ठरवतात. तीनशे वर्षांपूर्वी एका पाद्रीबाबाने तराजूने हे दाखवून दिले, आणि आपण अजून पाळ्या लावतो आहोत!

आता जो तिसरा माणूस भेटेल, त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागातला डॉक्टर. भोवती कोळशाचा धूर इतका की, त्याने अंगणात लावलेली नेची जगत ना. १८२९ साली त्याने एका काचेच्या बरणीत ओलसर माती घालून तीत पतंगाचा एक कोश ठेवला आणि वर झाकण लावले. कोशातून पतंग कसा निघतो ते त्याला पाहायचे होते. काही दिवसांनी पाहतो तो काय, मातीतून एक नेचे आणि एक गवत उगवून आलेले! दिवसा मातीतली ओल वर उडे, काचेवर थेंब धरत आणि खाली ओघळत. बरणीतले पाणी बरणीतच फिरत राही.

वॉर्डने ती बरणी खिडकीबाहेर ठेवून दिली. पाण्याचा थेंब न घालता ती झाडे सुमारे चार वर्षे जगली. गवताला एकदा फुलोरादेखील आला. मग ती मेली कशाने? डॉक्टर परगावी गेला असताना बरणीचे झाकण गंजले आणि पावसाचे पाणी आत शिरले. चार वर्षे पाण्यावाचून जी मेली नाहीत, ती पाणी मिळाले म्हणून मेली!

त्या बरणीवरून वॉर्डने काचेच्या बंद पेट्या बनवल्या. १८३३ साली अशा दोन पेट्या नेची आणि गवते भरून जहाजाने ऑस्ट्रेलियात सिडनीला गेल्या आणि झाडे सुखरूप पोचली. त्यापूर्वी समुद्रप्रवासात बहुतेक झाडे मरत. वर खारा वारा, आणि गोडे पाणी खलाशांनाच मोजून मिळे, तिथे झाडांना कोण देणार? वॉर्डच्या पेटीने ही अडचण दूर केली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपे आपल्या हिमालयाच्या उतारांवरील मळ्यांसाठी आणली. १८६० नंतर दक्षिण अमेरिकेतली सिंकोनाची रोपेही अशाच पेट्यांतून नीलगिरीच्या मळ्यांत आली. आपल्याकडे हिवतापावर ज्याला 'कोयनेल' म्हणत, ते औषध या सिंकोनाच्या सालीचे. एका डॉक्टरची विसरलेली बरणी कुठवर जाऊन पोचली, पाहा. अर्थात ह्या पेट्या गोऱ्या सरकारच्या मळ्यांसाठी चालत, आणि चहाची रोपे चीनमधून लपतछपतच नेलेली होती, हेही इतिहासात नोंदवायला हवे.

आता आपल्या अंगणाकडे परतू. शेतकरी मंडळींना एक शब्द शिकवावा लागत नाही, तो म्हणजे वाफसा. पावसानंतर जमीन लगेच चिखलाची असते. मग पाणी निथळते, ढेकूळ हाताने फुटू लागते. माती ओली आहे, पण चिकटत नाही. तुम्ही म्हणता, "आता वाफसा आला, पेरायला हरकत नाही." वाफसा म्हणजे मातीच्या कणांभोवती ओल आणि कणांमधल्या फटींत हवा. मुळे पाणी पितात तशी श्वासही घेतात. फटी पाण्याने भरल्या की हवेचा रस्ता बंद. प्राणवायू हवेतून जितक्या चटकन पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यातून पसरतो. मुळे गुदमरतात, काळी पडतात, कुजतात. शेत चिबडले की कपाशी पिवळी पडते, हे तुम्ही पाहिलेले आहे. चर खणून पाणी काढून देणारेही तुम्हीच. पण तोच शेतकरी घरी आला की बिनभोकाच्या कुंडीत तांब्या ओततो. कुंडी म्हणजे तुमचे वीतभर शेतच आहे हो, त्यालाही वाफसा लागतो!

इथे एक मोठा चकवा आहे, तो ध्यानात ठेवा. तहानलेले झाड मान टाकते, आणि मुळे कुजलेले झाडही मान टाकते. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाण्यात उभे राहूनही पाने तहानेने लोंबतात. आपण पाने पाहतो आणि आणखी पाणी घालतो. तेव्हा पाने पाहून पाणी घालू नये, माती पाहून घालावे.

माती कोरडी होईपर्यंत थांबायचे म्हणजे जिवाला घोर लागतो, हे खरे. पण संत्र्या-मोसंबीच्या बागेला बहार धरण्याआधी आपण पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. त्याला कोणी निर्दयपणा म्हणत नाही. थांबणे हेही मशागतीतच मोडते.

घरात, ओसरीवर किंवा कचेरीत जी कमी देखभालीची झाडे हल्ली दिसतात, त्यांच्या बाबतीत तर हे थांबणे फारच महत्त्वाचे. कोरफड घ्या, किंवा तलवारीसारख्या उभ्या, पट्टेदार पानांचे स्नेक प्लँट घ्या. हे दुसरे मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. त्याच्या जातभाईंच्या पानांतून चिवट धागा निघतो आणि त्याच्या धनुष्याच्या दोऱ्या वळीत. ही झाडे पाणी जपायला एक युक्ती करतात. इतर झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडतात आणि उन्हात पाणी गमावतात. ही मंडळी दिवसा दारे लावून घेतात आणि रात्री गारव्याला उघडतात. रात्री आत घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवतात आणि दिवसा बंद दाराआड त्याचे अन्न बनवतात.

ह्या युक्तीची एक जुनी खूण आपल्या भारतातच सापडली. बेंजामिन हेन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिणेत कंपनी सरकारच्या नोकरीत होता. त्याच्या ध्यानात आले की, पानफुटीचे पान सकाळी चाखले तर चांगले आंबट लागते, दुपारी त्याला चवच नसते आणि संध्याकाळी ते कडवट लागते. १८१३ साली त्याने पत्राने हे लंडनला कळवले. कारण त्याला उलगडले नाही, ते विसाव्या शतकात उलगडले. पानफुटी म्हणजे पानाच्या कडेला रोपे फुटतात तीच, मुले वहीत दाबून ठेवतात ती. मात्र मुलांना पान चाखायला लावू नका, त्यात अपायकारक द्रव्येही असतात. शाळेत सामू पाहायचा कागद असेल तर सकाळच्या पानाचा रस आणि दुपारच्या पानाचा रस त्यावर लावून पाहा. फरक कागदच सांगेल.

तर मग करायचे काय? थोडक्यात सांगतो.

कुंडीला बुडाशी भोक असावे. त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. नुसती काळी माती भरू नये, ती घट्ट बसते. तीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसावे. तुळस, मनी प्लँट यांची वरची माती कोरडी लागली की पाणी द्यावे. कोरफड आणि स्नेक प्लँट यांची कुंडी पार बुडापर्यंत कोरडी होऊ द्यावी. उन्हाळ्यात त्याला दहा-पंधरा दिवस लागतील, थंडीत तीन-चार आठवडेही लागतील, आणि पावसाळ्यात घरातल्या दमट हवेत तर आणखी थांबावे लागेल. दिवस मोजू नका, बोटाला विचारा. पाणी द्याल तेव्हा मात्र चमचाभर शिंपडून भागवू नका. भोकातून निथळेपर्यंत सावकाश घाला, आणि खालच्या ताटलीत साठलेले पाणी ओतून टाका.

आपल्याकडे काही घरांत वैशाखात तुळशीवर गळती लावतात. बुडाला बारीक भोक पाडलेले मडके वर टांगतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी ठिबकते. उन्हाच्या कहरातही तांब्या न ओतता थेंब द्यावा, आणि वैशाख सरला की मडके उतरवावे, यात किती शहाणपण आहे! पाणी ऋतूप्रमाणे आणि मापाने, हे त्या रीतीनेच सांगितलेले आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हेल्सचा प्रयोग करायला शिशाचा पत्रा लागत नाही. एक तुळशीची कुंडी आणि तेवढीच कोरफडीची कुंडी घ्या. दोन्हींना सारखे पाणी द्या, निथळू द्या, मग मातीवर प्लॅस्टिकचा कागद बांधा. सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर ठेवून मुलांकडून फळ्यावर आकडे लिहून घ्या. तुळशीचा आकडा उतरत जाईल, कोरफडीचा फारसा हलणार नाही. चार-पाच दिवसांनी कागद सोडा आणि कुंड्या मोकळ्या करा. नंतर मुलांच्या पाळ्या पुन्हा लावा, पण पाणी घालायच्या नव्हे, माती पाहायच्या. 'आज पाणी नको' असे जे मूल ठरवील, त्यानेही आपले काम केले असे समजा.

दुष्काळी भागातल्या मंडळींना याचा आणखी एक अर्थ आहे. जिथे बाया हंडाभर पाण्यासाठी उन्हातून चालतात, तिथे कुंडी कुजवण्यात गेलेला प्रत्येक तांब्या कोणाच्या तरी डोक्यावरून आलेला असतो.

आणि त्या पहिल्या घरी काय सांगायचे? सासूबाईंना सांगा, पूजेच्या पाण्याची पळी तुळशीला जरूर वाहावी, पण तांब्याचे काम एकीच्याच हाती द्यावे, आणि तिने बोट लावून पाहिल्याशिवाय ओतू नये. वाळलेली तुळस काढाल तेव्हा मुळे नीट बघा. काळी आणि बुळबुळीत असतील तर झाड पाण्याने गेले, हे तिथेच सगळ्यांना दाखवा. सुनेच्या हाताला झाड लागत नाही, असे मग कोणी म्हणणार नाही.